बसण्याचे कपडे : विस्कॉन्सिनमधल्या हरणांच्या हंगामाच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४

लेकीने उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केला. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला अमेरिकेतल्या या विस्कॉन्सिन राज्यात शिकारीच्या नेहमीच्या परवान्यासाठी तो करावाच लागतो. आता ती तेरा वर्षांची आहे आणि यंदा स्वतःच्या परवान्यावर माझ्याबरोबर येणार. जागा नेहमीचीच : माउंट होरेब गावाच्या पश्चिमेला, ओळखीच्या एका शेतकरी आजोबांच्या मक्यामागची टेकडी.

हंगामाच्या तारखा फ्रिजवर लावल्यात. १४ सप्टेंबरला धनुष्यबाणाचा हंगाम सुरू, तो ५ जानेवारीपर्यंत. १२ आणि १३ ऑक्टोबर मुलांचा बंदुकीचा हंगाम. २३ नोव्हेंबर ते १ डिसेंबर सगळ्यांचा बंदुकीचा. मग १२ ते १५ डिसेंबर फक्त बिनशिंगांच्या हरणांसाठी. म्हणजे तिशीच्या जवळपासच्या उकाड्यापासून शून्याखाली पंधरा-सतरा अंशांपर्यंत सगळं एकाच हंगामात. त्यासाठी दोघांचे कपडे नीट विचार करून जमवायचे, हा यंदाचा प्रकल्प. नोंदी मराठीत ठेवतोय, कारण मराठीत थंडीच्या कपड्यांबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते ट्रेकर मंडळींचं असतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या कपड्यांवर कुणी कशाला लिहील?

ट्रेकरचा सल्ला चांगला असतो, पण तो चालणाऱ्या माणसाचा सल्ला आहे. पाठीवर ओझं घेऊन चढ चढताना शरीर स्वस्थ बसल्यावेळेपेक्षा सहापट तरी उष्णता तयार करतं. ट्रेकर थांबला की चहा पिऊन पुन्हा चालायला लागतो. हरणाच्या शिकारीत अर्धा तास चढायचं आणि मग चार तास हलायचं नाही. एकाच माणसाला एकाच सकाळी दोन वेगळ्या ऋतूंचे कपडे लागतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

२५ ऑगस्ट

घरातलं सगळं बैठकीत ओतलं. पहिला नियम सरळ होता : सुती काही नाही. टी-शर्ट नाही, बनियन नाही, सुती मोजे नाहीत. सुती कपडा घाम पितो आणि धरून ठेवतो, धाग्यांमधली हवा जाते आणि कपडा अंगाला चिकटतो. पाणी उष्णता हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने वाहून नेतं. मुंबई-पुण्यात ज्या गुणासाठी आपण सुती घालतो, तोच गुण इथे नोव्हेंबरात घात करतो. जीन्स दोन कारणांनी बाद, दुसरं कारण खाली येईल.

आतल्या थरासाठी दोन पर्याय : मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर. पॉलिएस्टर स्वस्त, टिकाऊ, पटकन वाळतं, पण दोन दिवसांत वास मारतं. मेरिनो स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषते तरी ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी ऊबही देते. वासही धरत नाही. फक्त महाग, आणि कोपरावर लवकर विरते. माझ्यासाठी मेरिनो. लेकीसाठी यंदा पॉलिएस्टर, कारण पुढच्या वर्षी तिला काही बसणार नाही. जवळच्या गावातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात मुलांची एक मेरिनोची जोडी मिळाली, ती खास थंड दिवसांसाठी राखून ठेवली.

घरात एक घोंगडंही आहे, सोलापूरकडून आणलेलं. लेकीने विचारलं की लोकर एवढी चांगली, तर हे का टोचतं. फरक तंतूच्या जाडीचा आहे. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या आतबाहेर, दख्खनी मेंढीचा त्याच्या कितीतरी जाड. जाड तंतू कातडीवर वाकत नाही म्हणून टोचतो. पण त्याच्यावरून पाणी निथळतं, म्हणून धनगर भर पावसात ते डोक्यावरून घेऊन उभा राहू शकतो. अंगाला लागायला एक लोकर, पावसाला दुसरी. घोंगडं गाडीत ठेवायचं ठरलं, परत आल्यावर गुंडाळून बसायला.

७ सप्टेंबर

आज दोन कामं, दोन्ही कपडे अंगावर चढवण्याआधीची.

पहिलं काम गोचिडांचं. इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो, आणि मोठ्या झालेल्या गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरातही फिरतात. थंडी पडली म्हणजे त्या गेल्या असं समजू नये. पॅन्ट, मोजे, बूट आणि शर्टाच्या बाह्या अंगणात दोरीवर टांगून ०.५ टक्के परमेथ्रिन फवारलं, पूर्ण वाळू दिलं. हे औषध कपड्यांवर मारायचं, अंगावर कधीच नाही. ओलं असताना मांजरांना ते विषारी आहे, म्हणून आमच्या मनीला दिवसभर घरात कोंडलं. सहा आठवडे किंवा सहा धुणी, त्यानंतर पुन्हा फवारायचं.

दुसरं काम धुण्याचं. फवारणीच्या आधीच सगळे कपडे चमक न आणणाऱ्या साबणाने धुऊन घेतले. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. लाल-केशरी त्याला आपल्यासारखा दिसत नाही, पण निळा आणि अतिनील प्रकाश आपल्यापेक्षा चांगला दिसतो. नेहमीच्या साबणातली चमक आणणारी द्रव्यं नेमका तोच उजेड परत फेकतात. जीन्सचं दुसरं कारण हे. वासाचं मी फार मनावर घेत नाही. वास झाकणारे महागडे कपडे घेण्यापेक्षा वारा हरणाकडून आपल्याकडे येईल असं बसणं केव्हाही चांगलं.

१४ सप्टेंबर

धनुष्याचा पहिला दिवस. दुपारी जवळजवळ मुंबईसारखं. एकच पातळ मेरिनो, लांब बाह्यांचं, वर काही नाही. उकाड्यात लांब बाह्या कशाला असं लेकीला वाटलं (ती आज फक्त बघायला आली होती), पण डास, गोचिडी आणि दंडाचा पांढुरका रंग, तिन्हींवर हा एकच उपाय आहे.

मचाण दोघांचं आहे, शिडी लावून झाडाला बांधलेलं. या खेळात अपघात जास्त होतात ते मचाणावरून पडून, म्हणून जमिनीवरून पाय उचलण्याआधी फुल बॉडी हार्नेस, म्हणजे दोराने झाडाला बांधून ठेवणारे अंगभर पट्टे. कपड्यांशी त्याचा थेट संबंध आहे : पातळ शर्टावर घट्ट बसवलेला हार्नेस नोव्हेंबरातल्या जाड जाकिटावर चढतच नाही आणि मग माणूस तो घालायचाच टाळतो. म्हणून हार्नेस नेहमी मधल्या थरावर, जाड जाकीट त्याच्या वरून, आणि जाकिटाच्या पाठीला दोर बाहेर काढायची फट असलीच पाहिजे. माझ्या जाकिटाला आहे. लेकीच्या नाही, तिच्या आईने शिवून द्यायचं कबूल केलंय.

धनुष्य ओढून पाहिलं. दोरी सुटताना ढगळ बाही मध्ये आली की बाण भरकटतो. म्हणजे थंडीत माझी ऊब धडावर हवी, हातांवर कमी. आपली बंडी हा यावरचा अगदी योग्य कपडा आहे. कापूस न भरता कृत्रिम तंतू भरलेली, बिनबाह्यांची बंडी मधल्या थरासाठी नक्की केली.

१३ ऑक्टोबर

मुलांचे दोन दिवस संपले. हरणं दिसली, लेकीला हवा तसा कोन मिळाला नाही, तिने बंदूक उचलली नाही. मला त्याचा अभिमान आहे.

कपड्यांबद्दल शिकण्यासारखं भरपूर. एक, कायदा. बंदुकीचा हरिण-हंगाम चालू असताना कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निम्मा तरी भाग भडक केशरी हवा, टोपी घातली तर तीही निम्मी. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. मुलांच्या या दोन दिवसांत धनुष्य घेऊन बसलेल्यालाही हे लागू आहे. अडचण अशी की थरांच्या खेळात बाहेरचा थर सारखा बदलतो. जाकीट केशरी घेतलं आणि ऊन पडल्यावर काढून ठेवलं, की केशरी गेलं. म्हणून आमचं केशरी ही वेगळी पातळ बंडी आहे, दोन माप मोठी, सगळ्यांत वर चढवायची, आत काहीही असो. चालताना पाठीवरची पिशवी तिला झाकते, तेव्हा पिशवीवरही केशरी कापड बांधलंय.

दोन, बंदुकीचा दस्ता. उन्हाळ्यात टी-शर्टावर सराव करताना लेकीच्या खांद्याला बरोबर बसलेली रायफल आज जाकिटावर लांब पडत होती. जाड कपडा म्हणजे दस्ता तेवढा लांब झाल्यासारखा. मान पुढे ताणावी लागते, आणि डोळा जागेवर नसला की रायफलवरच्या दुर्बिणीतलं चित्र कडांनी काळं होतं. आता खांद्यापाशी जाड शिवण नसलेलं, मऊ जाकीट शोधतोय. यापुढे नेमबाजीचा सराव सगळे थर चढवून, हातमोज्यांसकट.

आज वारा सुटला होता. काल याच कपड्यांत ती मजेत होती, आज तासाभरात चुळबुळ सुरू. “थंडी वाजतेय का?” विचारलं तर म्हणाली, “नाही बाबा, कंटाळा आलाय.” खाली उतरून चालल्यावर कंटाळा पळाला. मुलं थंडीला थंडी म्हणत नाहीत, हे मी लिहून ठेवतोय. वारा अडवणारा एक पातळ थर तिच्या पिशवीत कायमचा.

३ नोव्हेंबर

आज भाऊबीज. सकाळी भावाशी व्हिडिओवर बोलणं, मग दुपारपासून मचाणावर, कारण नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हरणांच्या माजाचा आणि त्यांच्या दिवसा फिरण्याचा. आभाळ भरलेलं, अधूनमधून भुरभुर.

पावसाच्या कपड्यात इथे एक गुण असा बघावा लागतो जो कोकणात कुणी बघत नाही : आवाज. चांगलं रेनकोट-जाकीट हात हलवला की चुरचुरतं. वीस पावलांवरच्या हरणाला तो आवाज म्हणजे सरळ निरोप. मी तीन कापडं अंगावर घेऊन आजोबांच्या गोठ्यात अक्षरशः हात हलवत बसलो. आजोबा खाटेवरून ऐकत होते. फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड) सगळ्यांत गप्प, पण वारा आरपार. दाट विणीची लोकर जवळजवळ तितकीच गप्प आणि भुरभुर पाऊस तासभर तरी पेलते. वॉटरप्रूफ पडदा असलेलं जाकीट गोंगाटी, पण वरून घासलेलं मऊ कापड असेल तर चालण्यासारखं. ते महाग असतं, आणि तरी संततधारेत बसून राहायचं असेल तरच त्याची गरज.

माझा निर्णय : मचाणावर पाऊस जोरात आला तर उतरून यायचं. त्या पावसात जखमी जनावराचा माग पुसला जातो, म्हणून तसंही तेव्हा नेम धरू नये. मग जाकीट भुरभुरीपुरतंच हवं, आणि तिथे लोकर पुरे. आजोबांच्या दारामागे त्यांचा जुना लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट टांगलेला आहे. १९८० मध्ये केशरी सक्तीचं झालं, त्याआधी असे लाल कोटच चालायचे. आजोबा अजून तोच घालतात, वरून केशरी बंडी.

पिसांचं जाकीट मी मचाणावर नेत नाही. कोरड्या थंडीत त्याला तोड नाही, पण भिजलं की पिसं गोळा होऊन ऊब संपते. कृत्रिम तंतूचं थोडं जड असतं, भिजलं तरी निदान काम करतं.

खिशात बेसनाचे लाडू. पोटात तूप-साखर असेल तर आतली भट्टी पेटती राहते, हाही एक थरच धरावा. चिवडा घरी, तो वाजतो.

१६ नोव्हेंबर

आज पाय आणि हात. अंगावर कितीही चढवा, शिकारी उठून घरी जातो तो पायांच्या बोटांमुळे.

लेक दोन जाड मोजे घालून आली, बूट गच्च. हे सगळेच करतात आणि त्याने पाय जास्त गारठतात, कारण आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही आणि कोंडलेल्या हवेला जागा उरत नाही. एक पातळ, एक जाड लोकरी मोजा, आणि आत बोटं हलवता येतील एवढा मोठा बूट. बूट नमद्याचं अस्तर काढता येणारे घेतले. अस्तर रात्री हीटरपाशी वाळवायचं, कारण दिवसभराचा पायाचा घाम त्यातच जातो. मचाणाची जाळी लोखंडी आहे आणि तळव्याची ऊब खाली खेचते. म्हणून पायाखाली फोमच्या चटईचा तुकडा, बसायला दुसरा. चार डॉलरची चटई, आणि अख्ख्या सामानात पैसे वसूल करणारी वस्तू हीच.

हातांना जाड मोजे नकोत. जाड मोज्यात ट्रिगरचा अंदाज येत नाही, आणि तो अंदाज नसलेल्या बोटाने ट्रिगरजवळ जाऊच नये. पातळ लोकरी हातमोजे आणि कमरेला बांधलेली नळीसारखी उबदार पिशवी, दोन्ही बाजूंनी हात घालायची. तिच्यात उष्णतेच्या पुड्या. त्या पुडीत लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि गंजताना तापते. म्हणून कमरेच्या पिशवीत मस्त चालतात आणि घट्ट बुटात विझतात. बाहेर पडायच्या आधी वीस मिनिटं फोडून ठेवल्या तर वेळेवर गरम होतात.

डोक्याला माकडटोपी. लहानपणी महाबळेश्वरला आजीने जबरदस्तीने घातलेली मला आवडली नव्हती, पण मान, कान आणि गाल एकाच कपड्यात झाकणारं दुसरं काही नाही. लोकरी, पातळ, वरून केशरी टोपी.

२३ नोव्हेंबर

बंदुकीच्या हंगामाची पहिली सकाळ. थंडी फार नाही, शून्याच्या आसपास. अशाच दिवशी माणसं घामाने मरतात, म्हणून क्रम लिहून ठेवतो.

घरून निघताना गाडीचा हीटर कमी. जड कपडे गाडीत घालायचे नाहीत. गाडीपासून आतला थर, पातळ वारारोधक आणि केशरी बंडी एवढंच. पहिली पाच मिनिटं थंडी वाजलीच पाहिजे, वाजली नाही तर एक कपडा जास्त आहे. टोपी हातात. जड जाकीट, बिबची (छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्ट्यांची) जाड पॅन्ट आणि भरलेली बंडी पिशवीत. चढावर लेकीच्या चालीने, मध्ये दोनदा थांबून, कपाळ कोरडं ठेवत. त्यासाठी वीस मिनिटं लवकर निघालो. मचाणाखाली पोचल्यावर लगेच काही चढवायचं नाही. पाचेक मिनिटं उभं राहायचं, अंगातली वाफ जाऊ द्यायची. आतला थर पाठीला ओला लागलाच तर तिथेच अंधारात बदलायचा, पिशवीत कोरडा आहे. मग मधला थर, हार्नेस, वर बिब आणि जाकीट, सगळ्यांवर केशरी.

बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढून घेतली, आधी आम्ही चढलो.

दुपारपर्यंत बसलो. लेक चुळबुळली नाही.

३० नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगनंतर थंडीने पकड घेतली. पहाटे शून्याखाली दहाच्याही खाली, वर वारा. उणे बारा अंशांना ताशी सोळा किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं.

हा भाग ड्रिफ्टलेस म्हणून ओळखला जातो. हिमयुगातल्या हिमनद्यांनी तो सपाट केला नाही, म्हणून इथे डोंगरधारा आणि खोल घळी शिल्लक आहेत. शांत रात्री गार हवा जड होऊन घळीत साचते. खाली गाडीचा थर्मामीटर दाखवेल त्यापेक्षा वर धारेवर चार-पाच अंश जास्त असू शकतात, पण वारा असेल तर हिशोब उलटा. शांत दिवशी घळीत बसणार असू तर भराव जास्त आणि वारारोधक नको. वाऱ्याच्या दिवशी धारेवर बसणार असू तर वारारोधक आधी, भराव नंतर. रात्री हवामान बघताना मी आता आकड्याआधी वारा बघतो. आज घळीत, आडोशाला बसलो.

साडेआठच्या सुमाराला एक मादी चाळीस पावलांवर आडवी उभी राहिली. लेकीने पिशवीतून हात काढला, श्वास सोडला. एकच गोळी, आणि हरीण तिथेच पडलं. ती रडली, मीही. मग आम्ही कामाला लागलो.

त्यानंतरच्या कपड्यांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. पोट साफ करताना बाह्या कोपरापर्यंत वर, हातांत रबरी मोजे, जाकीट झाडाला टांगलेलं. जनावर गरम असतं, हातांना थंडी वाजत नाही. मग ओढत नेणं. संपूर्ण हंगामातलं हे सगळ्यांत घामाचं काम, आणि ते आपण सगळ्यांत जाड कपड्यांत करायला जातो. बिबसुद्धा उतरवून पिशवीत टाकली, फक्त आतला थर आणि केशरी बंडी. आजोबांच्या गोठ्यापाशी पोचताच कोरडा शर्ट, आणि लेक घोंगड्यात.

१२ डिसेंबर

लेकीला शाळा. मी सुट्टी काढली होती, एकटाच गेलो. पहाटे उणे सतराच्या घरात, मेरिनो दोन थर, बंडी, लोकर, जाकीट, सगळं. पहिला तास उत्तम. दुसऱ्या तासात हनुवटी बधिर, माकडटोपीवर श्वासाचा बर्फ. ओला श्वास कापडात गोठतो आणि तेच कापड गालाला लागतं, म्हणून एवढ्या थंडीत कोरडी दुसरी टोपी हवी.

दीड तासाने उतरलो. लेकीसाठी मर्यादा आजच ठरवली : उणे बाराखाली तिने एका वेळी तासापेक्षा जास्त बसायचं नाही, मग हरीण समोर असलं तरी.

५ जानेवारी २०२५

हंगामाचा शेवटचा दिवस. आज बसलो नाही, धुणं काढलं.

मेरिनो कोमट पाण्यात, पिळायचं नाही, आडवं वाळवायचं. वॉटरप्रूफ जाकिटावर पाण्याचे थेंब ठरेनासे झाले होते. ते टाकून द्यायचं लक्षण नाही. धुऊन ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवलं आणि थेंब पुन्हा घरंगळायला लागले. लोकर पूर्ण वाळवून झाकणाच्या डब्यात, कसरीपासून जपून.

यंदा न लागलेलं एकच : बॅटरीवर तापणारे मोजे. परत केले. पुढच्या वर्षी घ्यायचं ते लेकीचं मेरिनो, पूर्ण मापाचं, आणि खांद्यापाशी मऊ असलेलं जाकीट. सध्याचं तिला मार्चपर्यंतही पुरणार नाही. बिबच्या पायाला तिच्या आईने दुमड ठेवलेली आहे, ती उसवली की अजून एक हंगाम जाईल.